घरचा जॅम आणि परसातल्या कोंबड्या : काटकसर करताना या चुका टाळा

फळ वाया जाऊ नये म्हणून जॅम करायचा आणि त्याच फळांच्या साली-गाभे कोंबड्यांना घालून अंडी मिळवायची, हा उद्योग घरखर्चाला खरोखरच हातभार लावतो. ज्यांचा हिशेब फसतो, त्यांचा तो बहुधा एकाच कारणाने फसतो : जिथे हात आखडायला नको तिथेच ते आखडतात आणि जिथे बचत सहज होते ती जागा त्यांच्या नजरेतून सुटते.

सर्वांत जास्त हात आखडला जातो तो साखरेवर. तयार जॅममध्ये फळाची साखर धरून ६० ते ६५ टक्के साखर असते, तेव्हाच पाणी तिच्याशी बांधले जाते आणि बुरशीला वाढायला मोकळे पाणी उरत नाही. साखर निम्म्यावर आणली तर जो पदार्थ तयार होतो, तो फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार आठवड्यांत संपवायचा असतो. त्याला वर्षभराच्या साठवणीचा जॅम समजून फडताळात ठेवणे, ही काटकसर नव्हे.

खरी बचत फळाच्या निवडीत आहे, आणि नेमका तिथेच गैरसमज फार. पिकून लिबलिबीत झालेली फळे जॅमला उत्तम, असे पुष्कळांना वाटते. परंतु जॅम ज्यामुळे आळतो ते पेक्टिन कच्च्या आणि नुकत्याच पिकलेल्या फळात भरपूर असते आणि फळ जास्त पिकले की ते निकामी होत जाते. म्हणून तीन भाग पिकलेली आणि एक भाग किंचित कच्ची फळे घ्यावीत. सफरचंदात आणि लिंबाच्या साली-बियांत पेक्टिन पुष्कळ असते, तर स्ट्रॉबेरी आणि पेअर या बाबतीत दुबळी फळे आहेत. सफरचंदाचे गाभे आणि लिंबाच्या बिया स्वच्छ मलमलच्या पुरचुंडीत बांधून फळाबरोबर उकळाव्यात आणि साखर घालण्याआधी पुरचुंडी घट्ट पिळून काढावी. त्यातून येणारा बुळबुळीत, दाट रस हेच फुकटचे पेक्टिन होय. फळ आंबट नसेल तर किलोमागे दोन मोठे चमचे लिंबाचा रस घालावा, कारण आंबटपणाशिवाय पेक्टिन आणि साखर असूनही जॅम घट्ट होत नाही.

साखर केव्हा घालायची, यातही चूक होते. फळ मऊ शिजण्याआधी साखर पडली की साली चिवट राहतात. साखर पूर्ण विरघळण्याआधी आच वाढवली की पुढे बरणीत खडे धरतात. आधी फळ नुसते शिजवावे, मग मंद आचेवर साखर विरघळू द्यावी आणि त्यानंतरच आच मोठी करून जॅम भराभर उकळावा.

इंधन वाचावे म्हणून मी एकदा सहा किलो स्ट्रॉबेरी एकाच पातेल्यात शिजवायला घेतल्या. उकळी यायलाच अर्धा तास गेला, पुढचा तासभर मी ढवळत राहिलो, रंग लालाचा तपकिरी झाला आणि तरीही जॅम वाहताच राहिला. फार वेळ उकळल्याने पेक्टिन तुटते, म्हणजे त्यापुढे जितके आटवावे तितके बिघडते, हे मला त्या दिवशी उमगले. आता मी एका वेळी दोन किलोपेक्षा जास्त फळ घेत नाही आणि साखर घातल्यावरही पातेले निम्म्याहून अधिक भरू देत नाही. पातेले स्टीलचे असावे, कारण आंबट फळ ॲल्युमिनियमला खाते.

समुद्रसपाटीला जॅम १०४ ते १०५ अंश सेल्सिअसला तयार होतो, पण हा आकडा उंचावरच्या गावी जसाच्या तसा वापरला की जॅम दगडासारखा होतो. दर ३०० मीटर उंचीमागे पाणी सुमारे एक अंश आधी उकळते. म्हणून आपल्याकडे पाणी किती अंशांना उकळते ते आधी मोजावे आणि त्यात साडेचार अंश मिळवावेत. थर्मामीटर नसेल तर फ्रीझरमध्ये गार केलेल्या बशीवर चमचाभर जॅम टाकून मिनिटभर थांबावे आणि बोटाने कडेकडून हलके ढकलावे : वर सुरकुती पडली आणि बोटामागची वाट लगेच भरून आली नाही, तर जॅम झाला. ही परीक्षा चालू असताना आच बंद ठेवायलाच हवी, नाहीतर बशीकडे पाहता पाहता पातेल्यातला जॅम पुढे निघून जातो.

बरणीत भरल्यावर जॅम पातळ वाटला तरी एक-दोन दिवस वाट पाहावी, कारण काही जॅम सावकाश घट्ट होतात. तरीही आळला नाही, तर थोडा थोडा घेऊन लिंबाच्या रसाबरोबर पुन्हा उकळावा. फळाचे तुकडे वर तरंगत असतील तर भरण्याआधी जॅम पाच-दहा मिनिटे निवू द्यायला हवा होता, इतकेच. तळाला लागला तर तळ न खरवडता वरचा भाग दुसऱ्या भांड्यात ओतावा.

झाकणांवर मात्र काटकसर नको. गरम बरणीत गरम जॅम काठाखाली सुमारे ६ मिलिमीटर जागा सोडून भरावा, काठ पुसावा, नवे झाकण लावावे आणि बरणी उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवावी. उंचावर आणखी काही मिनिटे द्यावीत. बुरशी आली तर वरचा थर काढून खालचा जॅम खाऊ नये, कारण तिचे तंतू आणि विषारी द्रव्ये खालपर्यंत उतरलेली असू शकतात.

असा जॅम कोंबड्यांनाही घालू नये. कोंबडीला काहीही पचते, ही समजूत फार कोंबड्यांच्या जिवावर उठली आहे. बुरशी आलेले फळ, खारट खरकटे, ॲव्होकाडोची साल आणि बी, न शिजवलेली कोरडी कडधान्ये तिला घातक ठरतात. पुरचुंडीतले गाभे बिया काढून जरूर द्यावेत, पण असा वरचा खाऊ एकूण खाद्याच्या दहाव्या भागापुरताच ठेवावा. अंड्यावरच्या कोंबडीला रोज सुमारे १०० ते १२० ग्रॅम खाद्य लागते आणि त्यात १६ टक्क्यांच्या आसपास प्रथिने हवीत. नुसत्या सालींवर ती पोट भरते, अंडे देत नाही.

अंडी बंद झाली की लोक लगेच औषध शोधतात. आधी पाणी पाहावे, कारण काही तास पाणी तुटले तरी अंड्यावर परिणाम होतो. मग उजेड पाहावा : दिवस १४ तासांपेक्षा बराच लहान झाला की अंडी कमी होणे स्वाभाविक आहे. पिसे झडत आहेत का, कोंबडी खुडूक बसली आहे का, आणि ती झुडपात चोरून तर घालत नाही ना, हेही पाहावे. कवच पातळ असेल तर शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. खाद्यात मिसळला तर तो तलंगांच्याही, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्यांच्याही, पोटात जातो आणि जादा कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना सोसत नाही. अंड्यांची टरफले द्यायची असल्यास भाजून अगदी बारीक करावीत, नाहीतर कोंबड्यांना स्वतःचीच अंडी फोडायची सवय लागू शकते.

खुराड्याची स्वस्त षटकोनी जाळी कोंबड्यांना आत ठेवते, शिकारी प्राण्यांना बाहेर ठेवत नाही. मी ती एका पहाटे फाटलेली पाहिली आहे आणि त्या पहाटेनंतर १२ मिलिमीटर छिद्रांची वेल्ड केलेली जाळीच वापरतो, तीही ३० सेंटिमीटर जमिनीत पुरून. थंडीत सगळी भोके बुजवणेही तितकेच चुकीचे आहे. कोंबडीच्या उंचीपर्यंत वाकून श्वास घ्यावा. डोळे चुरचुरले तर आत अमोनिया साचला आहे आणि छताजवळच्या खिडक्या उघडायला हव्यात.

दिवसा निरोगी दिसणारे खुराडे रात्री निराळे असू शकते. तांबडे माइट, म्हणजे गोचिडीसारखे बारीक जीव, दिवसा फटींत लपतात आणि रात्री रक्त पितात. अंधार पडल्यावर बसायच्या दांडीच्या खालच्या बाजूने पांढरे फडके फिरवावे. त्यावर लाल रेघा उमटल्या तर दांड्या काढून सगळ्या फटी साफ कराव्यात आणि आठवड्याने तेच पुन्हा करावे, कारण तोवर माइटच्या अंड्यांतून नवी पिढी बाहेर पडलेली असते.

खुराड्यातून थेट जॅमच्या पातेल्याकडे कधीही जाऊ नये. साबणाने हात धुवावेत आणि चपला बाहेर ठेवाव्यात, कारण निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या विष्ठेतही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. ताजे कोंबडीखत फळझाडांच्या मुळांशी टाकले तर ते मुळे जाळते, म्हणून ते काही महिने कुजवूनच घालावे. स्ट्रॉबेरीसारख्या मातीलगत फळणाऱ्या झाडांना ताजे खत गेलेच असेल, तर त्यानंतर तोडणीपर्यंत निदान १२० दिवस जाऊ द्यावेत.