रीमॅप केलेली टर्बो पेट्रोल घाटात झटके खात होती: माझा अनुभव

गाडी १ लिटर, तीन सिलिंडर, स्टेज-१ रीमॅप, म्हणजे सुटे भाग न बदलता इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली. लक्षण असं: शहरात एकदम गुळगुळीत, पण खंबाटकी घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की २५०० आरपीएमच्या पुढे झटके आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकायचा. स्कॅनरवर पी०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर (पेट्रोल नीट पेटत नाही).

दुसऱ्या पंपावरचं पेट्रोल भरून पाहिलं, इंजेक्टर क्लीनर टाकला. दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची (स्पार्क प्लगला वीज देणारा भाग) अदलाबदल केली, तरी कोड दुसऱ्यावरच; म्हणजे कॉइल ठीक. डोकं पार उठलं होतं.

दोष स्पार्क प्लगच्या गॅपमध्ये, म्हणजे ठिणगी उडते त्या दोन टोकांमधल्या अंतरात निघाला. झिजून तो ०.९ मिमीपर्यंत गेला होता. बूस्ट (टर्बोने आत ढकललेल्या हवेचा दाब) वाढला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि एवढ्या गॅपमधून ठिणगी उडत नाही. म्हणून कमी लोडवर काहीच जाणवत नाही.

इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं. कॉइल काढल्या आणि प्लग सोडवण्याआधी त्यांच्या खड्ड्यांत हवा मारली, नाहीतर कचरा थेट सिलिंडरमध्ये. नवे इरिडियम प्लग ट्यूनरने (रीमॅप करणाऱ्याने) सांगितल्याप्रमाणे एक श्रेणी थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारे घेतले. गॅप ०.६५ मिमी, फक्त बाहेरचा इलेक्ट्रोड वाकवून. मधल्याला पाना टेकवायचा नाही, टोक तुटतं. आधी हाताने आटे बसवले, मग टॉर्क रेंचने १८ न्यूटन-मीटर (१२ मिमी आट्यांसाठी). आट्यांना ग्रीस अजिबात नाही.

एअर फिल्टरही तेव्हाच बदलला, साधा कागदी. तेल लावलेला कापडी एअर फिल्टर मला पटत नाही. तेल जास्त झालं तर आत येणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसतं.

शेवटी कोड पुसला. त्यानंतर त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये झटका नाही.