किंगपिन बदलायच्या आधी नुसतं ब्रेक दाबून बघा

ट्रकचं पुढचं चाक हलायला लागलं की गॅरेजवाला सरळ किंगपिन सेट (पुढचं चाक ज्या खुंटीवर डावी-उजवीकडं वळतं ती पिन आणि तिचे बुश) सांगतो, पण बऱ्याचदा दोष व्हील बेअरिंगचा असतोय. आमच्या जुन्या १६१३ ट्रकला उसाच्या सीझनच्या तोंडावर हेच झालं, उद्यमनगरातल्या दुकानातनं किंगपिनचं किट आणलं, सगळं उघडलं आणि बेअरिंगच ढिलं निघालं, पैसे गेले ते गेलेच वर दोन दिवस गाडी उभी.

आता आधी असं बघतो:

१. मागच्या चाकांना गुटके लावा, पुढच्या ॲक्सलखाली जॅक लावून चाक उचला. एअर ब्रेक असेल तर टाकीत हवा भरलेली पाहिजे.
२. चाक वर आणि खाली धरून जोरात हलवा, खेळ (ढिलेपणा) किती आहे बघा.
३. आता एकाला केबिनमध्ये बसवून ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. खेळ गेला तर बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिन-बुश. थोडा कमी झाला तर दोन्ही बघायला लागतंय.

बेअरिंग नुसतं ढिलं असेल तर ग्रीस बदलून नट नीट ॲडजस्ट केला तरी भागतं, बेअरिंगचे दाणे (आतले रोलर) खराब असले तर मात्र नवीनच घाला. ब्रेकचा ड्रम निघालाच आहे तर ब्रेक लायनर पण बघून घ्या, लायनर झिजून त्याची रिबेट (रिव्हेट) ड्रमला टेकायला आली असली तर दोन्ही बाजूचे बदला, एकाच बाजूला घातले की ब्रेक मारल्यावर गाडी ओढती.

आणि हो, नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका, घोडी (लोखंडी स्टँड) लावाच.