ट्यूब अँपचा आवाज कमी केला, गुरगुर तशीच ठेवली
माझा गिटारचा १५ वॉटचा ट्यूब अँप (व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर) आहे, व्हॉल्यूम बराच वर नेला की मगच खरा गुरगुरतो पण तोपर्यंत खालचे काका दारात हजर. मास्टर (एकूण आवाजाचा नॉब) कमी करून बघितला, पण पॉवर ट्यूबवर (स्पीकरला ताकद देणाऱ्या ट्यूबवर) जोर आल्याशिवाय ती मजा नाहीच. आधी स्पीकरच्या वायरीत नुसता एक रेझिस्टर टाकणार होतो, बरं झालं टाकला नाही, कारण अँपला ८ ओमच (स्पीकरइतकाच रोध) दिसायला हवेत आणि लोड, म्हणजे स्पीकरची जोडणी, तुटला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

मग एल-पॅड केला, म्हणजे अँप आणि स्पीकरच्या मध्ये रेझिस्टरांची अशी जोडणी, की आवाज उतरतो पण अँपला ८ ओमच दिसतात. १२ ओमचे दोन पॅरलल म्हणजे ६ ओम सिरीजमध्ये, आणि २.७ ओम स्पीकरला पॅरलल. सगळे ५० वॉटचे, अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यावर कसून बसवले, कारण सिरीजवाल्यांतच ११ वॉटच्या आसपास जातात, डबा चांगला तापतो. १२ डेसिबल उतरले, स्पीकरला जेमतेम १ वॉट! तोही खोलीत दणकून वाजतो हां. टोन जरा दबला, ट्रेबल थोडा वाढवला. वायर स्पीकरचीच वापरा, गिटारची नको, आणि जोडाजोडी अँप बंद करूनच.

काका परवा लिफ्टमध्ये विचारत होते, गिटार विकलीस का रे?