सकाळचे दोन तास फोन दुसऱ्या खोलीत ठेवा

नाशकात घरून बेदाणे, चिवडा किंवा येवल्याची पैठणी ऑनलाइन विकणाऱ्यांचा अख्खा दिवस "ताई, रेट काय?" याची उत्तरं देण्यातच जातो. नवे फोटो आणि हिशेब तसेच राहतात. व्हॉट्सॲप बिझनेसमधला 'अवे मेसेज', म्हणजे आपोआप जाणारं उत्तर, सुरू करा. त्याला वेळ लावून देता येते. ९ ते ११ एवढंच जाऊ द्या: "मेसेज मिळाला, ११ नंतर नक्की उत्तर देते." उत्तर कधी येणार हे कळलं की गिऱ्हाईक सहसा थांबतं, मनात धास्ती असते ती आपल्याच.

त्या दोन तासांत एकच काम करायचं, आणि ते आदल्या रात्री कागदावर लिहून ठेवायचं. 'वेबसाइटचं काम' असं मोघम नको, 'पाच साड्यांचे फोटो आणि वर्णन' असं नेमकं हवं. भाव, कुरिअर, परतीचे नियम यांची उत्तरं 'क्विक रिप्लाय'मध्ये साठवा. चॅटमध्ये तिरकी रेघ (/) टाइप केली की समोर येतात.

ताजी द्राक्षं विकत असाल, तर हंगामात सकाळ तोडणी-पॅकिंगलाच जाते. तेव्हा हेच दोन तास दुपारी जेवणानंतर ठेवा.