साध्या खात्यावरून नेटवर्क प्रिंटर जोडता येत नसेल तर

ॲडमिनच्या खात्यावरून विनासायास जोडला जाणारा नेटवर्क प्रिंटर, त्याच विंडोज संगणकावर साध्या वापरकर्त्याने जोडू पाहिला की ॲडमिनचा पासवर्ड मागतो किंवा प्रवेश नाकारल्याचे सांगतो. अशा वेळी वापरकर्त्याला ॲडमिन गटात टाकून मोकळे होऊ नये. त्याने छपाई कदाचित सुरू होईल, परंतु संपूर्ण संगणक धोक्यात येईल आणि अडथळा नेमका कुठे होता हे कळणारच नाही.

प्रथम प्रिंटरपर्यंत पोहोचता येते का ते पाहावे. विंडोज आणि आर या कळा एकत्र दाबून उघडणाऱ्या चौकटीत दोन बॅकस्लॅश व त्यापुढे प्रिंट सर्व्हरचे (नेटवर्कवर प्रिंटर सामायिक करणाऱ्या संगणकाचे) नाव लिहिले असता सामायिक प्रिंटरांची यादी दिसली पाहिजे. सर्व्हर सापडलाच नाही, तर प्रश्न अधिकारांचा नसून नेटवर्कचा किंवा नावाचा आहे. पुन्हापुन्हा पासवर्ड विचारला जात असेल, तर क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोज जिथे पासवर्ड साठवते तिथे, त्या सर्व्हरसाठी जुना पासवर्ड साठवलेला आहे का ते तपासून ती नोंद काढून टाकावी. हे काम वापरकर्ता स्वतः करू शकतो.

यादीत प्रिंटर दिसतो पण जोडताना प्रवेश नाकारला जातो, अशा वेळी सर्व्हरवर त्या प्रिंटरच्या सिक्युरिटी टॅबमध्ये वापरकर्त्याला किंवा त्याच्या गटाला ‘प्रिंट’ ही परवानगी आहे का ते पाहावे. छपाईसाठी तेवढी पुरते. प्रिंटर व्यवस्थापनाची परवानगी देण्याचे कारण नाही.

मात्र ॲडमिनचा पासवर्ड मागितला जात असेल, तर बहुतेक वेळा कारण ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला प्रिंटर चालवता यावा यासाठीचे सॉफ्टवेअर, हेच असते. २०२१ मध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाने ओळखल्या गेलेल्या त्रुटी उघड झाल्यानंतर मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षीच्या ऑगस्टमधील अपडेटपासून, सर्व्हरवरून प्रिंटर ड्रायव्हर बसवण्याचा किंवा अद्ययावत करण्याचा अधिकार मूळ सेटिंगनुसार केवळ ॲडमिनपुरता ठेवला. म्हणूनच कालपर्यंत चालणारा प्रिंटर, सर्व्हरवरील ड्रायव्हर बदलताच आज पासवर्ड मागू लागतो, आणि वापरकर्त्याने काहीही केलेले नसताना दोष त्याच्याकडे जातो.

यावरचा योग्य उपाय म्हणजे ॲडमिनने सर्व्हरवर आहे तोच ड्रायव्हर, त्याच आवृत्तीचा, संगणकावर आधीच बसवून ठेवणे. येथे एक बारकावा लक्षात ठेवावा लागतो: सामायिक प्रिंटरची जोडणी सामान्यतः वापरकर्त्यापुरती असते, तर ड्रायव्हर संपूर्ण संगणकासाठी बसतो. त्यामुळे ॲडमिनने स्वतःच्या खात्यात प्रिंटर जोडला तरी तो दुसऱ्या खात्यात आपोआप दिसत नाही, परंतु ड्रायव्हर आलेला असल्याने वापरकर्त्याला तो आता पासवर्डाविना जोडता येतो. संगणक अनेक असतील, तर ड्रायव्हर केंद्रीय व्यवस्थापनातून पाठवावा आणि जोडण्या ग्रुप पॉलिसीने (अनेक संगणकांना एकाच ठिकाणाहून सेटिंग देण्याच्या विंडोजमधील सोयीने) द्याव्यात; सर्व्हरवरील ड्रायव्हर बदलण्यापूर्वी नवी आवृत्ती संगणकांवर पोहोचवणे हा क्रमही पाळावा.

रजिस्ट्रीतील (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या साठ्यातील) एक मूल्य शून्य करून ड्रायव्हर केवळ ॲडमिननेच बसवण्याचे हे बंधन उठवता येते, आणि तो सल्ला सर्रास दिला जातो. पण बंधन कायम ठेवण्याइतके संरक्षण इतर कोणत्याही उपायांच्या एकत्रीकरणाने मिळत नाही, असे मायक्रोसॉफ्टनेच स्पष्ट केले आहे. त्यामुळे ड्रायव्हर आधी बसवण्याचे कष्ट घेणे अधिक शहाणपणाचे आहे.

त्रुटीच्या क्रमांकाच्या शेवटी ‘११बी’ असेल, तर बाब वेगळी असते: सर्व्हर व संगणक यांच्या अपडेटची पातळी जुळत नसल्याने सुरक्षित संपर्क नाकारला जात असण्याची शक्यता असते. तेव्हा दोन्हीकडील अपडेट पूर्ण करावेत.

दुरुस्तीनंतरची चाचणी ॲडमिनच्या खात्यावरून न करता वापरकर्त्याच्याच खात्यावरून करावी, आणि संगणक एकदा बंद करून पुन्हा सुरू केल्यावरही एक पान छापून पाहावे.