एन्टरोव्हायरस पेशीत नेमकं काय करतो? शिकताना आणि लॅबमध्ये या चुका टाळा

एन्टरोव्हायरसची लाइफ सायकल तोंडपाठ असणारे खूप जण असतात, अटॅचमेंट (पेशीला चिकटणं), अनकोटिंग (आवरण सोडणं), ट्रान्सलेशन (आरएनए वाचून प्रोटीन बनवणं), रेप्लिकेशन (आरएनएच्या कॉप्या काढणं), असेंब्ली (जुळणी), लायसिस (पेशी फुटणं), सगळं धडाधड सांगतात, पण यातली कुठली स्टेप हृदयाचं नुकसान करते असं विचारलं की गप्प. सायकल वेगळ्या चॅप्टरमध्ये शिकायची आणि आजार वेगळ्या चॅप्टरमध्ये, मला वाटतं बाकीच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. कारण आजार हा त्या सायकलचाच परिणाम आहे, व्हायरस स्वतःच्या कॉप्या काढायला पेशीतलं जे जे तोडतो आणि ओढून घेतो त्याचा.

पहिली चूक नावाची. एन्टरो म्हणजे आतडं, म्हणून जुलाब हाच मुख्य आजार असणार असं धरून चालतात. आतड्यात वाढ होते हे बहुतेक एन्टरोव्हायरसच्या बाबतीत खरं आहे, पण खरा त्रास दुसरीकडेच होतो. पोलिओ घसा आणि आतड्यात वाढतो आणि मारतो मज्जारज्जूतले मोटर न्यूरॉन, तेही साधारण २०० इन्फेक्शनमागे एकाच माणसात, बाकी बहुतेकांना काही कळतसुद्धा नाही. कॉक्सॅकी बी हृदयाच्या स्नायूत जातो, एन्टरोव्हायरस ए७१ हात-पाय-तोंडाचा आजार देतो आणि कधीकधी ब्रेनस्टेमपर्यंत (मेंदूच्या बुंध्यापर्यंत) पोचतो. आणि साधी सर्दी देणारे ऱ्हायनोव्हायरस पण याच जीनसमधले (गटातले) आहेत बरं का, ते ॲसिडमध्ये टिकत नाहीत म्हणून पोटातून पुढे जाऊच शकत नाहीत.

मग लोक म्हणतात, रिसेप्टर (पेशीवरचं प्रोटीन, ज्याला व्हायरस चिकटतो) जिथे तिथे आजार. हे अर्धंच खरं आहे. लॅबमध्ये वाढवलेल्या उंदराच्या एल पेशींना पोलिओ चिकटत नाही, पण त्याचा नुसता आरएनए आत सोडला तर त्याच पेशी व्हायरस बनवून देतात, म्हणजे अडचण फक्त दारातच होती, आतली यंत्रणा चालतेच. त्याच पेशींना माणसाचा सीडी१५५ रिसेप्टर दिला की एल२०बी लाइन तयार होते आणि पोलिओ शोधायला ती जगभर वापरतात. पण सीडी१५५ माणसाच्या कितीतरी अवयवांत असतो, तरी पोलिओ सगळीकडे माजत नाही. सीडी१५५ असलेल्या उंदरांमध्ये इंटरफेरॉनचा (व्हायरस आल्याचा इशारा देणाऱ्या शरीराच्या प्रोटीनचा) रिसेप्टर काढून टाकला तेव्हा एरवी सुरक्षित राहणाऱ्या अवयवांतही व्हायरस वाढला. रिसेप्टर लागतोच, पण पुढे कुठला अवयव वाचणार हे बऱ्याच अंशी इंटरफेरॉन किती लवकर उठतो त्यावर ठरतं.

आता आतली गोष्ट. परीक्षेत हमखास लिहितात की व्हायरस आत आला आणि लगेच आरएनए कॉपी करायला लागला. कशाने करणार? कॅप्सिडमध्ये (व्हायरसच्या प्रोटीनच्या कवचात) पॉलिमरेज, म्हणजे आरएनए कॉपी करणारा एन्झाइम, नसतोच. साधारण ७५०० न्यूक्लिओटाइडचा पॉझिटिव्ह आरएनए आहे, तो थेट मेसेंजरसारखा वाचला जातो, त्यातून एकच लांबलचक पॉलिप्रोटीन बनतं आणि व्हायरसचेच प्रोटीएज (प्रोटीन कापणारे एन्झाइम) २ए आणि ३सी त्याचे तुकडे करतात, तेव्हा कुठे ३डी पॉलिमरेज हातात येतो. म्हणून आधी ट्रान्सलेशन, मग रेप्लिकेशन, हा क्रम उलटा करू नका. त्या आरएनएला कॅप (पेशीच्या मेसेंजर आरएनएच्या टोकाची टोपी, जिथून रायबोझोम सुरुवात करतो) नसते, टोकाला व्हीपीजी नावाचं छोटं प्रोटीन असतं (ट्रान्सलेशनच्या आधी पेशीचाच एक एन्झाइम ते कापून टाकतो) आणि रायबोझोम (प्रोटीन बनवणारं यंत्र) आयआरईएसवर, म्हणजे आरएनएच्या आतल्याच एका जागेवर बसतो. इथेच खरी चाल आहे, २ए पेशीचा ईआयएफ४जी (कॅपवाला मेसेंजर वाचायला लागणारं प्रोटीन) कापतो, त्यामुळे कॅपवाल्या मेसेंजरचं म्हणजे पेशीच्या स्वतःच्या प्रोटीनचं काम ठप्प होतं आणि व्हायरसचं मात्र चालूच राहतं. पुढची कॉपी पेशीच्याच ईआर आणि गॉल्जीच्या (पेशीच्या आतल्या प्रोटीन-वाहतुकीच्या पिशव्यांच्या) मेंब्रेनवर होते, व्हायरस त्यांची रचनाच बदलून टाकतो, त्यासाठी पीआय४केबी सारखे पेशीचे एन्झाइम ओढून घेतो. सगळी फेरी साधारण ६ ते ८ तासांत पूर्ण.

प्रोटीएज म्हणजे फक्त स्वतःचं पॉलिप्रोटीन कापायची कात्री असं समजणं, ही चूक मला सगळ्यात महागडी वाटते. कॉक्सॅकी बी३ चा २ए हृदयाच्या पेशीतलं डिस्ट्रोफिन (स्नायूपेशीला आधार देणारं प्रोटीन) कापतो, हे १९९९ मध्ये दाखवलं गेलं. डिस्ट्रोफिन जन्मतःच बिघडलं की कार्डिओमायोपथी (हृदयाच्या स्नायूचा आजार) होते हे आधीच माहीत होतं, म्हणजे व्हायरस तोच बिघाड बाहेरून घडवून आणतो! २ए न्यूक्लिअर पोअरची (पेशीकेंद्राच्या दारांची) प्रोटीन्सही कापतो, ३सी इशारा पुढे पोचवणारं एमएव्हीएस प्रोटीन कापतो म्हणजे व्हायरसचा आरएनए ओळखणाऱ्या एमडीए५ ने दिलेला धोक्याचा इशारा पुढे पोचतच नाही. पेशी फुटायच्या आधीच एवढं सगळं बिघडलेलं असतं. त्यामुळे लायसिस म्हणजेच आजार असं लिहू नका. आणि बाहेर पडायला लायसिस लागतोच असंही नाही, पोलिओसारखे व्हायरस पेशी जिवंत असताना मेंब्रेनच्या पिशव्यांत झुंडीने बाहेर पडतात. हृदयात तर ५ प्राइम टोकाचा (आरएनएच्या सुरुवातीच्या टोकाचा) थोडा भाग गमावलेले व्हायरस पेशी न फोडता हळूहळू टिकून राहू शकतात, तिथे कल्चर निगेटिव्ह येईल म्हणून व्हायरस नाही असं म्हणता येत नाही.

लॅबवाल्यांसाठी. टायटर (संसर्ग करू शकणाऱ्या व्हायरसचं प्रमाण) कमी येतोय? फक्त सुपरनेटंट (पेशींवरचा द्रव) मोजताय का बघा, बराच व्हायरस पेशीतच अडकलेला असतो, तीनदा फ्रीझ-थॉ (गोठवणं आणि वितळवणं) करून मग मोजा. पेशींवर काहीच परिणाम दिसत नसेल तर आधी सेल लाइन तपासा, काही कॉक्सॅकी ए कल्चरमध्ये नीट वाढतच नाहीत आणि ऱ्हायनोव्हायरसला ३७ पेक्षा ३३ अंश जास्त मानवतं. एका फेरीचा ग्रोथ कर्व्ह हवा असेल तर एमओआय (दर पेशीमागे किती व्हायरस) जास्त ठेवा, कमी ठेवला तर दोन-तीन फेऱ्या एकमेकांत मिसळतात आणि कुठली स्टेप अडकली ते कळतच नाही. निगेटिव्ह स्ट्रँड (रेप्लिकेशनमध्ये बनणारी आरएनएची उलटी प्रत) मोजताना साधे प्रायमर (कॉपी सुरू करणारे छोटे तुकडे) वापरले तर सेल्फ-प्रायमिंगमुळे (प्रायमर नसतानाही कॉपी सुरू झाल्यामुळे) खोटा सिग्नल येतो, टॅग लावलेले प्रायमर वापरा. स्टूल सँपलला क्लोरोफॉर्म द्यायला घाबरू नका, या व्हायरसला लिपिडचं आवरणच नाही त्यामुळे तो टिकतो, बॅक्टेरिया जातात. त्याच कारणाने अल्कोहोल सॅनिटायझरवर पूर्ण भरवसा ठेवू नका, साबण-पाण्याने हात नीट धुवा आणि पृष्ठभागाला क्लोरीन वापरा. अँटिबायोटिकचा इथे काही संबंध नाही.

शेवटचं, रिपोर्ट वाचताना. स्टूलमध्ये पीसीआर पॉझिटिव्ह आला म्हणजे आत्ताचा आजार त्यामुळेच झाला असं ठरत नाही, लक्षणं गेल्यावरही कित्येक आठवडे व्हायरस शौचातून पडत राहतो. आणि याच्या उलट, एन्टरोव्हायरस ए७१ किंवा डी६८ मध्ये मेंदू-मज्जारज्जूची लक्षणं समोर दिसत असताना पाठीच्या पाण्यात मात्र व्हायरस बऱ्याचदा सापडत नाही, म्हणून फक्त पाठीचं पाणी पाठवून थांबू नका, घशाचा स्वॅब आणि स्टूल पण सोबतच पाठवा, आणि टाइप हवा असेल तर व्हीपी१ चं (कवचाच्या एका प्रोटीनच्या जनुकभागाचं) सीक्वेन्सिंग आधीच सांगून ठेवा, कारण नेहमीचा पीसीआर ५ प्राइम भागावर असतो आणि तो फक्त एन्टरोव्हायरस आहे एवढंच सांगतो.