थायरॉईड खूप वाढलंय आणि छातीत धडधडतंय? आधी हाताने नाडी बघायला शिका

घरात कुणाच्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये टीएसएच (थायरॉईडला काम करायला सांगणारा हार्मोन) एकदम खाली गेलाय, टी3 टी4 (थायरॉईडचे स्वतःचे हार्मोन) वर गेलेत आणि धडधड होतेय, तर प्लीज "टेन्शनमुळे असेल" म्हणून सोडून देऊ नका. थायरॉईडचा हार्मोन जास्त झाला की ठोके वाढतातच, पण शंभरातल्या साधारण दहा-पंधरा पेशंटची लयच बिघडते, डॉक्टर त्याला एएफ म्हणतात, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात, रक्त तिथे साचून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की पॅरालिसिस. साठीच्या पुढे हे जास्त होतं, आणि म्हाताऱ्या माणसांत बाकीची लक्षणं कधीकधी दिसतच नाहीत, नुसतं वजन उतरतं आणि जिना चढताना दम लागतो, घरच्यांना वाटतं वयामुळे होतंय.

नाडी अशी बघा. पेशंटला पाच मिनिटं शांत बसवा, मनगटावर अंगठ्याच्या खालच्या बाजूला आपली दोन-तीन बोटं ठेवा, अंगठा नको, त्यात आपलीच नाडी लागते. पूर्ण 60 सेकंद मोजा, 15 सेकंद मोजून चारने गुणलं तर बिघडलेल्या लयीत आकडा चुकतो. आणि आकड्याइतकंच लयीकडे लक्ष द्या: दोन ठोके पटापट, मग गॅप, मग एक जोरात, मग एक इतका हलका की बोटाला जेमतेम लागतो, कशाचा कशाला मेळ नाही, असं असेल तर त्याच दिवशी ईसीजी काढा. बीपी मशीन आणि ऑक्सिमीटर अशा वेळी चुकू शकतात म्हणून मी हाताचाच आग्रह धरते. अजून एक, गाढ झोपेत नाडी बघा, टेन्शनची धडधड झोपेत बरीच खाली येते, थायरॉईडची झोपेतही 90 च्या वर राहू शकते.

गोळ्यांचं म्हणाल तर प्रोप्रानोलॉलने ठोके लवकर खाली येतात, पण दमा असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. कार्बिमाझोल नवीन हार्मोन बनणं अडवते, आधीचा साठा संपायला काही आठवडे जातात, म्हणून "फरकच नाही" म्हणत मध्येच बंद करू नका, तेच सगळ्यात धोक्याचं. फक्त ती चालू असताना ताप आणि घसा दुखणं आलं तर पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना फोन करा आणि त्याच दिवशी सीबीसी (रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी) करा. रक्त पातळ करायची गोळी दिली असेल तर तीही स्वतःहून सोडायची नाही. थायरॉईड नॉर्मल झाल्यावर बऱ्याच जणांची लय आपोआप जागेवर येते. केसांसाठी बायोटिन (एक व्हिटॅमिन) घेत असाल तर लॅबला सांगा, रिपोर्ट खोटा येऊ शकतो, आणि सीटी स्कॅनमध्ये डाय देणार असतील तर थायरॉईडचं आधी सांगा, त्यात आयोडीन असतं.

जोराचा ताप, नाडी 140 च्या आसपास, असंबद्ध बडबड, उलट्या-जुलाब हे एकत्र दिसलं तर तो थायरॉईड स्टॉर्म असू शकतो, यात जीव जातो, सकाळची वाट बघू नका, 108 ला फोन करून आयसीयू असलेल्या हॉस्पिटलला न्या. तापाला ॲस्पिरिन देऊ नका, पॅरासिटामॉल चालेल. कॅज्युअल्टीत पोचल्या पोचल्या थायरॉईडचा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांच्या हातात द्या, नाहीतर ताप-जुलाब बघून साधं इन्फेक्शन समजून उपचार सुरू होऊ शकतात.